वाळूच्या कणाएवढे आकाश

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. गावाबाहेर पडले की काळ्याभोर जमिनीची शेते आणि मधूनमधून उघड्या खडकाचे माळ लागतात. खरिपात सोयाबीन, कापूस आणि हळद, रब्बीत हरभरा, गहू आणि ज्वारी, असा इथल्या शेतकऱ्याच्या वर्षाचा फेरा चाललेला असतो. दिवसभर बाजारात, कचेरीपुढे आणि बसस्थानकावर माणसांची वर्दळ असते. पण दिवस मावळला आणि माणूस गावची वेस ओलांडून दूर शेताकडे गेला, म्हणजे त्याच्या डोक्यावर जे आकाश पसरते, ते मोठ्या शहरातल्या माणसाला वर्षानुवर्षे दिसत नाही. शहराच्या झगमगाटात आभाळ फिकट होऊन जाते आणि दहा-वीस ठळक तारेच काय ते उरतात. येथे मात्र काळोख अजून शिल्लक आहे; आणि काळोख शिल्लक आहे म्हणून तारेही शिल्लक आहेत.

मार्गशीर्षातल्या अशाच एका रात्री एक वृद्ध शेतकरी आपल्या शेतातल्या आखाड्यावर आला होता. अमावास्या दोन दिवसांवर होती. त्या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचे होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असल्यामुळे सातवीत शिकणारी त्याची नात हट्टाने त्याच्याबरोबर आली होती. तिने अंगाभोवती घोंगडी गुंडाळली होती आणि वहीत जपून ठेवलेला एक कागद ती पुनःपुन्हा काढून कंदिलाच्या उजेडात न्याहाळत होती.

"काय गं माय, कशाचं चित्र आहे हे?" आजोबांनी विचारले.

"आबा, हे आभाळ आहे," ती म्हणाली.

आजोबांनी कागद हातात घेऊन दूर धरला, जवळ धरला. काळ्या पृष्ठावर पिवळे, तांबडे, निळसर असे असंख्य ठिपके विखुरलेले होते. काही वाटोळे होते, काही चपट्या तबकडीसारखे होते, तर काहींचा आकार पाण्यातल्या भोवऱ्यासारखा होता. "आभाळ तर मी रोज पाहतो," ते म्हणाले, "असं आभाळ मला कधी दिसलं नाही."

म्हाताऱ्याचे म्हणणे अगदी खरे होते. तसे आकाश उघड्या डोळ्यांना कधीच कोणाला दिसलेले नाही. ते चित्र पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका दुर्बिणीने टिपलेले होते. आदल्या दिवशी शाळेत गुरुजींनी तेच चित्र भिंतीवर मोठे करून दाखवले होते. मुलांनी ठिपके पाहिले आणि "केवढे हे तारे!" असे ती ओरडली. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले होते, "यातले दोन-चार सोडले तर एकही तारा नाही. यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका आहे, आणि एकेका दीर्घिकेत कोट्यवधी तारे आहेत." वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. शेवटच्या बाकावर बसून रोज खोड्या काढणारी मुलेसुद्धा भिंतीकडे टक लावून पाहत राहिली. ती शांतता मुलीच्या मनातून अजून गेलेली नव्हती.

या चित्राची कथाही चित्राइतकीच विलक्षण आहे. १९९० सालच्या एप्रिल महिन्यात हबल नावाची दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. पृथ्वीभोवतीचे वातावरण सतत हालत असते, त्यामुळे जमिनीवरून पाहताना तारे लुकलुकतात आणि त्यांच्या प्रतिमा पुसट होतात. दुर्बीण वातावरणाच्या वर नेली तर आकाश स्वच्छ दिसेल, असा शास्त्रज्ञांचा विचार होता. परंतु दुर्बीण वर गेली आणि ध्यानात आले की तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा घासताना किंचित चूक झाली आहे. ती चूक माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान होती. पण तेवढ्यानेही चित्रे अंधुक येऊ लागली. जगभर त्या दुर्बिणीची थट्टा झाली. अखेर १९९३ सालच्या डिसेंबरमध्ये अंतराळवीर तिच्यापर्यंत गेले आणि अधू डोळ्याला चष्मा लावावा तशी त्यांनी तिची दृष्टी सुधारली.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या दुर्बिणीच्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी एक धाडसी निर्णय घेतला. दुर्बिणीचा प्रत्येक तास मोलाचा होता. जगातले खगोलशास्त्रज्ञ तो मिळावा म्हणून वाट पाहत असत. संचालकांच्या स्वतःच्या अखत्यारीत काही वेळ राखून ठेवलेला असे. त्यातला बराचसा वेळ त्यांनी आकाशातल्या एका रिकाम्या जागेकडे पाहण्यात घालवायचे ठरवले. जिथे जवळचा ठळक तारा नाही, तेजोमेघ नाही, ओळखीचे काही नाही, अशी एक चिमुकली जागा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडली. हाताच्या अंतरावर वाळूचा एक कण धरला तर त्याच्याआड जेवढे आकाश झाकले जाईल, जवळजवळ तेवढीच ती जागा होती. काही मोठ्या शास्त्रज्ञांनी शंका काढली. एवढा वेळ खर्चून हाती काळोखच लागला तर जगाला काय तोंड दाखवायचे? तरीही १८ ते २८ डिसेंबर १९९५ हे दहा दिवस हबल दुर्बीण त्या एकाच जागी डोळे लावून राहिली. तिने ३४२ छायाचित्रे घेतली. ती एकावर एक जुळवली तेव्हा त्या रिकाम्या जागेत सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या.

मुलीने हे सारे गुरुजींकडून ऐकले होते आणि आपल्या परीने ते तिने आजोबांना सांगितले. आजोबा वाफ्याचे दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडीत होते. ते काम न थांबवता म्हणाले, "ती रिकामी जागा आभाळात आहे कुठं?"

"सप्तर्षींमध्ये आहे, आबा."

"सप्तर्षी म्हणजे आपली म्हातारीची बाज. चार खुरांची बाज आणि तिच्या मागं लागलेले तीन चोर." आजोबा हसले. "ती अजून पुरी वर आलेली नाही. तीन चोर वर यायला मध्यरात्र उलटेल. तू जागी राहिलीस तर दाखवतो."

म्हाताऱ्याने शाळेचे तोंड फारसे पाहिले नव्हते, पण आकाश त्याला पाठ होते. घड्याळ हातात नव्हते त्या काळापासून तो रात्रीचे प्रहर ताऱ्यांवरून ओळखीत आला होता. मृगातले एका रेषेतले तीन तारे त्याच्या लेखी तिफणीचे तीन फण होते. कृत्तिकांचा पुंजका कुठे आला म्हणजे बैल जुंपायचे, शुक्राची चांदणी कधी उगवली म्हणजे गाडी बाजाराच्या वाटेला लावायची, हे त्याला बापाने शिकवले होते आणि बापाला आज्याने. आकाश ही त्याच्या घराण्याची वडिलोपार्जित वही होती. तीत शेतीचे, वाटेचे आणि पावसाचे हिशेब लिहिलेले होते. मात्र त्या वहीच्या पानांमागे किती खोल अवकाश दडले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्या संध्याकाळी मुलीने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली होती. काळोख दाटल्यावर उत्तरेकडे तोंड करून मान उंचावली की देवयानी या तारकासमूहात एक लांबट, धुरकट ठिपका दिसतो. चंद्र नसेल आणि दिव्यांचा उजेड नसेल तर तो उघड्या डोळ्यांनाही कळतो. "तो डाग मी पाहिलेला आहे," आजोबा म्हणाले होते. "ढगाचा तुकडा राहिला असेल असं वाटायचं. पण ढग हलतो आणि तो हलत नाही, एवढं मात्र ध्यानात आलं होतं." तो ढग नव्हे. ती देवयानी दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखाच तो दुसरा एक तारकांचा महासागर आहे आणि त्याचे आपल्यापासूनचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

प्रकाशवर्ष हा शब्द ऐकताना वर्षे मोजावीत असे वाटते. पण ते अंतराचे माप आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. चंद्राचा उजेड आपल्यापर्यंत सव्वा सेकंदाच्या आसपास येऊन पोहोचतो, सूर्याच्या उजेडाला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. असा हा प्रकाश न थांबता एक वर्षभर धावला तर साडेनऊ लाख कोटी किलोमीटरांच्या जवळपास जातो. तेवढे अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष. म्हणून दूरचे पाहणे म्हणजे मागचे पाहणे होय. देवयानीचा जो मंद उजेड त्या रात्री सेनगावच्या शिवारात म्हाताऱ्याच्या डोळ्यांत शिरला, तो तिथून निघाला तेव्हा माणसाचे पूर्वज आफ्रिकेत दगडावर दगड फोडून ओबडधोबड हत्यारे करीत होते. त्या वेळी शेत नव्हते, नांगर नव्हता, मराठी भाषा नव्हती. तो उजेड वाटेत असतानाच हे सारे झाले.

याहून दूरची एक तुलना सेनगावच्या मातीतच सापडते. या भागातला काळा खडक हा थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो बाहेर पडला, थरावर थर साचले आणि त्याच खडकाची झीज होऊन पुढे काळी कसदार जमीन तयार झाली. कन्या राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा हा खडक नुकताच निवून माळ झाला होता. ज्या दगडावर बसून म्हातारा तंबाखू मळीत होता, तो दगड आणि तो उजेड एका अर्थी समवयस्कच म्हणावेत. आणि हबलच्या चित्रातल्या दीर्घिकांच्या मानाने कन्या राशीतला तो समूह म्हणजे शेजारचे घर आहे.

हबलने उघडलेल्या दारातून पुढे आणखी आत जाता आले. सप्टेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात तिने दक्षिण आकाशातल्या दुसऱ्या एका लहानशा जागेकडे पाहिले. त्या वेळी सुमारे १०,००० दीर्घिका मोजता आल्या. त्यानंतर २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब नावाची तिच्याहून मोठी दुर्बीण अवकाशात झेपावली. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा आहे. तो मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या १८ षट्कोनी तुकड्यांचा असून त्यावर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला आहे. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, सूर्याकडे पाठ करून काम करते. जुलै २०२२ मध्ये तिचे पहिले खोल आकाशाचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यात मध्यभागी असलेल्या दीर्घिकासमूहाचा प्रकाश ४६० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. जेव्हा तो निघाला तेव्हा आपला सूर्य आणि पृथ्वी आकार घेत होती.

आजोबांनी चित्र पुन्हा हाती घेतले आणि एक नेमका प्रश्न विचारला. "हे रंग खरे आहेत, का कोणी भरलेले?"

मुलगी थोडी गोंधळली, पण खोटे बोलली नाही. "भरलेले आहेत, आबा. पण मनाला येतील तसे भरलेले नाहीत."

तिचे उत्तर बरोबर होते. विश्व सतत प्रसरण पावत आहे. त्यामुळे अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतच ताणला जातो. निघताना जो डोळ्यांना दिसण्यासारखा होता, तो पोहोचेपर्यंत अवरक्त होतो, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा होतो आणि माणसाच्या डोळ्याला दिसेनासा होतो. चुलीतला जाळ विझला, निखारे काळे पडले, तरी चुलीजवळ हात नेला की ऊब लागते. ती ऊब डोळ्यांना दिसत नाही, पण असते. वेब दुर्बीण तसल्या उबेसारख्या प्रकाशाने पाहते. मग शास्त्रज्ञ त्या न दिसणाऱ्या प्रकाशाला दिसणारे रंग देतात: कमी ताणलेल्याला निळा, जास्त ताणलेल्याला तांबडा. गाणे कानांना ऐकू येईल अशा पट्टीत उतरवून घ्यावे, तसेच हे आहे. पट्टी बदलली तरी सूर खोटे होत नाहीत.

"म्हणजे न दिसणारं दिसेल असं करून दिलंय," आजोबा म्हणाले. त्यांना ते पटले.

ही सारी कामे सातासमुद्रापलीकडेच होतात असे मात्र नाही. २०१७ साली पुण्यातील आयुका या संस्थेच्या आणि तेथील आयसर या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांच्या समूहांचा एक प्रचंड महासमूह शोधून काढला. तो मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्याला त्यांनी 'सरस्वती' असे नाव दिले. पुढे २०२५ साली पुण्याच्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सुंदर सर्पिल दीर्घिका हेरली. तिच्यापासून निघालेला प्रकाश सुमारे १,२०० कोटी वर्षांनी येथे पोहोचला आहे. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षांच्या घरात आहे. म्हणजे ती दीर्घिका दिसते आहे ती विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे असतानाची. इतक्या कोवळ्या विश्वात सारे विस्कळित असावे अशी समजूत होती. परंतु या दीर्घिकेला दोन रेखीव भुजा होत्या, जणू आपल्या आकाशगंगेची धाकटी बहीण. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा या दोन नद्या बहिणी मानल्या जातात. म्हणून शोधकांनी या दीर्घिकेचे नाव 'अलकनंदा' ठेवले. इतक्या दूरच्या तेजाला माणसाने हाक मारली ती आपल्या ओळखीच्या नदीच्या नावाने.

खुद्द हिंगोली जिल्हाही या शोधयात्रेत सामील होत आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याचे ठरले असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा तेथे काटकोनात असतील. दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशातच जी सूक्ष्म थरथर उठते, ती या भुजांनी पकडायची आहे. अशी थरथर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम पकडली गेली. ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. दुर्बीण हे विश्वाचे दर्शन असेल, तर ही वेधशाळा म्हणजे विश्वाची चाहूल घेणारा कान होय. ज्या जिल्ह्यात कयाधूच्या काठी नर्सी हे नामदेवांचे गाव आहे, त्याच जिल्ह्याच्या माळावर हा कान लागणार आहे.

रात्र चढत गेली. वाऱ्याला धार आली. गव्हाच्या वाफ्यांतून पाणी हळूहळू सरकत होते आणि त्यात चांदण्या थरथरत होत्या. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग ते एकाएकी बोलले. पण जणू स्वतःशीच.

"एवढा मोठा पसारा! आणि यंदा आपलं सोयाबीन पाण्यात गेलं, म्हणून मी रात्र रात्र झोपलो नाही. ह्या पसाऱ्यात आपलं रान केवढं, आपलं दुःख केवढं? कोणाला त्याची दाद? कोणाला ठाऊक तरी?"

मुलीला काय बोलावे ते सुचेना. त्या वर्षी पीक कापणीला आले असताना पाऊस कोसळला होता. शेतात गुडघाभर पाणी उभे राहिले होते आणि शेंगांना कोंब फुटले होते. घरातली मोठी माणसे तेव्हा हळू आवाजात बोलत आणि मुले जवळ आली की गप्प होत, हे तिला आठवले. पुढच्या वर्षी आपल्याला शाळेसाठी सेनगावला ठेवायचे की नाही, याचीही कुजबुज तिच्या कानांवर आली होती. शाळेत ते चित्र पाहताना तिला जो आनंद झाला होता, तो आजोबांच्या शब्दांनी एकदम काळवंडल्यासारखा झाला. विश्व एवढे मोठे असेल, तर त्यात माणूस खरोखरच काहीच नव्हे काय?

हा प्रश्न एकट्या त्या म्हाताऱ्याचा नाही. दुर्बिणींनी विश्व जसजसे मोठे केले, तसतसा तो अनेकांच्या मनात उभा राहिला आहे. आकाराचाच हिशेब करायचा तर माणूस नगण्य ठरतो, यात शंका नाही. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत आणि विश्वात अशा दीर्घिकाही दहा हजार कोटींहून अधिक असाव्यात असा अंदाज आहे. त्यात पृथ्वी केवढी आणि पृथ्वीवरचे एक शिवार केवढे! पण सगळ्या वस्तू एकाच मापाने मोजता येत नाहीत. धान्य पायलीने मोजतात, दूध शेराने मोजतात. आईची माया मोजायला यांपैकी कोणतेच माप चालत नाही. ती प्रचंड दीर्घिका कोट्यवधी वर्षे जळते आहे, पण आपण जळतो आहोत हे तिला कळत नाही. ते कळले आहे ते या लहानशा ग्रहावरच्या, मुठीएवढ्या काळजाच्या माणसाला. आपल्या माहितीत तरी विश्वाला स्वतःची ओळख होण्याची जागा ही एवढीच आहे.

शिवाय माणूस या पसाऱ्यात उपराही नाही. नांगराच्या फाळातले लोखंड आणि माणसाच्या रक्तातले लोह, ही दोन्ही पूर्वीच्या ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाली. हाडांतला चुना तिथलाच. तारे जळून गेले, त्यांची राख अवकाशात पसरली. तिच्यातून सूर्य घडला, पृथ्वी घडली आणि पृथ्वीवर गव्हाचे कणीस डोलू लागले. म्हणून आकाशाकडे पाहणारा माणूस परक्याच्या वाड्याकडे पाहत नसतो. तो आपल्या आजोळाकडे पाहत असतो.

हे असे सारे त्या लहान मुलीला मांडता येणे शक्य नव्हते. तिने आपल्याला सुचले तेवढेच विचारले. "आबा, पेरल्यावर पहिले चार-पाच दिवस रानात काही दिसत नाही. तरी तुम्ही रोज जाऊन का पाहता?"

"न पाहून कसं चालेल? आत बी आहे की!"

"त्या लोकांनीही तसंच केलं. रिकाम्या जागेकडं दहा दिवस पाहत राहिले."

म्हातारा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. त्याने काही उत्तर दिले नाही. फावडे उचलून तो पुढच्या वाफ्याकडे गेला, दार मोडले, पाणी वळवले आणि मातीचा एक गोळा लावून मागचे दार बंद केले. परत आला तेव्हा त्याच्या चालण्यात मघाचा जडपणा उरला नव्हता. एका रात्रीत त्याचे बुडालेले पीक वर आले नव्हते. सोसायटीचे देणे तेवढेच होते. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवून पाहत राहणे, हे काम आपल्यासारखीच दुसरी माणसेही कुठेतरी करीत आहेत, एवढे त्याला उमगले होते.

मध्यरात्र टळून बराच वेळ झाल्यावर त्याने नातीला हलवून जागे केले. "ऊठ माय, बाज वर आली."

ईशान्येला क्षितिजाच्या वर म्हातारीची बाज उभी राहिली होती आणि तिच्याखाली तिन्ही चोर स्पष्ट दिसत होते. उत्तरेला, क्षितिजापासून फार उंच नव्हे असा, ध्रुव शांतपणे तेवत होता. मुलीने बोटाने दाखवले. चोरांच्या बाजूचा बाजेचा खूर आणि पहिला चोर, यांच्यापासून ध्रुवाच्या अंगाला थोडे सरकले की ती जागा येते. तिथे काहीच नव्हते. नुसता काळोख होता.

तिने पाटाच्या काठावरून वाळूचा एक कण उचलला, बोटाच्या टोकावर घेतला आणि हात लांब करून एक डोळा मिटला. "एवढ्या जागेत, आबा, तीन हजार."

आजोबांनीही वाकून एक कण घेतला. त्यांचा हात थंडीने आणि वयाने किंचित कापत होता. त्यांनी तो लांब धरला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ त्या काळोखाकडे पाहिले. मग हात खाली घेऊन ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तुला सेनगावच्या शाळेत ठेवतो. तुझ्या बापाशी मी बोलीन."

तेवढ्यात शेवटचा वाफा भरत आला. म्हाताऱ्याने फावडे खांद्यावर टाकले आणि तो दार बांधायला निघाला. मुलगी घोंगडी सावरून तशीच उभी राहिली. तिच्या डोक्यावर ते रिकामे वाटणारे आकाश होते, पायांशी पाणी पिणारी काळी जमीन होती, आणि पूर्वेकडे अजून उजाडायचे होते.